चला, डूकी चेजकडे जेवायला

मोबाइल घरीच ठेवा. घड्याळ चालेल, पण किल्लीचं. अंगात सुती कपडे असू द्या आणि रुमाल एकाऐवजी दोन घ्या, कारण घाम भरपूर येणार आहे. आपण निघालोय न्यू ऑर्लिन्सला, १९६१ सालच्या सप्टेंबरातल्या शेवटच्या शुक्रवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास. अमेरिकेच्या दक्षिणेला मिसिसिपी नदी समुद्राला मिळण्याआधी मोठं वळण घेते, त्या वळणावरचं हे शहर. अट एकच आहे: दुपारनंतर काही खायचं नाही. पोट रिकामं ठेवूनच यायचं.

पोचलात? मग पहिली गाठ पडली असेल ती हवेशी. दमट, जड, अंगावर येणारी हवा. शर्ट पाठीला चिकटलाच. तुम्ही कॅनॉल स्ट्रीटवरच्या हिरव्या ट्राममध्ये लाकडी बाकावर बसला आहात. खिडक्या सताड उघड्या आहेत, रुळांचा खडखडाट कानात बसलाय आणि नदीकडून येणाऱ्या झुळकीत चिखलाचा, डिझेलचा आणि भाजल्या जाणाऱ्या कॉफीचा वास एकत्र येतोय. शेजारच्या बाईंच्या मांडीवर खरेदीच्या पिशव्या आहेत, हातात पुठ्ठ्याचा पंखा आहे. त्या स्वतःला वारा घालतात, त्यातला थोडा तुम्हालाही मिळतो.

या ट्राममध्ये कुठेही बसायची मुभा मिळून तीनच वर्षं झालीत. त्याआधी बाकांच्या पाठीवर पुढेमागे सरकवता येणाऱ्या पाट्या असत. पाटीच्या पुढे गोरे, मागे काळे. पाट्या गेल्या, पण अंगवळणी पडलेलं इतक्यात कुठे जायला? ही बघा, पांढऱ्या केसांची एक आजी चढली, पैसे टाकले आणि पुढचे रिकामे बाक ओलांडून थेट मागे जाऊन बसली.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना मोठमोठी दुकानं आहेत. काहींच्या आत खाण्याचे काउंटर आहेत, बुटक्या स्टुलांची रांग आहे, आणि तिथून लोण्यात भाजल्या जाणाऱ्या पावाचा वास थेट ट्रामपर्यंत येतोय. मोहात पडू नका. त्या दुकानात काळ्या माणसाचे पैसे चालतात, स्टुलावर बसलेला काळा माणूस चालत नाही. तुमच्या गव्हाळ रंगाचं काय करायचं, ते काउंटरमागच्या माणसाच्या मर्जीवर. तीन वर्षांनी शेजारच्या मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहरात राममनोहर लोहिया फक्त गोऱ्यांसाठी राखलेल्या कॅफेटेरियात जायला निघतील आणि पोलिस त्यांना अटक करतील. आपल्याला आज जेवायचंय, तेही मान ताठ ठेवून. तेव्हा क्लेबॉर्न ॲव्हेन्यूच्या कोपऱ्यावर उतरा.

उतरलात की आधी वर बघा. डोक्यावर ओकच्या झाडांचं छत आहे. रस्त्याच्या मधोमध हिरवळीचा रुंद पट्टा आणि त्यावर या सदाहरित झाडांच्या रांगा. ऊन एवढं कडक, तरी खाली गारवा आहे. म्हातारे डाव मांडून बसलेत, पोरं सायकली हाणतायत, कुणी ट्रम्पेटवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोटतंय आणि दर वेळी त्याच जागी अडखळतंय. मार्डी ग्राच्या, म्हणजे कार्निव्हलच्या दिवशी हे सगळं शहर रंगतं, तेव्हा काळ्या वस्तीचा उत्सव भरतो तो याच झाडांखाली. नीट बघून घ्या. पाच वर्षांनी ही झाडं तोडली जातील आणि त्यांच्या जागी सिमेंटच्या खांबांवरून हमरस्ता जाईल.

कडेनं दुकानं आहेत: शिंपी, न्हावी, औषधवाला, विमा कंपनीचं कचेरीवजा दुकान, अंत्यसंस्काराची व्यवस्था पाहणारे. सगळी काळ्या मालकांची. या ट्रेमे नावाच्या वस्तीत जो तो एकमेकांना ओळखतो. तुमच्याकडे वळून बघतात, पण फार वेळ नाही. तुमच्यासारखे चेहरे इथे अगदीच नवखे नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालातल्या हुगळीचे मुसलमान फेरीवाले भरतकामाचं रेशीम विकत या शहरात आले, याच वस्तीत राहिले, इथल्या मिश्र वंशाच्या क्रिओल मुलींशी लग्नं करून संसाराला लागले. तेव्हा कुणी हटकलंच, तर हसून मान हलवा. इथे ओळख नसलेल्या माणसालाही ‘काय म्हणता?’ विचारल्याशिवाय पुढे जात नाहीत.

आता डावीकडे वळा. हा ऑर्लिन्स ॲव्हेन्यू. डाव्या हाताला लाफिट वसाहतीच्या लाल विटांच्या इमारती. गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे, दारात खुर्च्या टाकून बसलेल्या बायका, रेडिओवर बेसबॉलची कॉमेंटरी. उजव्या हाताच्या गल्ल्यांत शॉटगन घरं: अरुंद, लांबलचक, एकामागे एक खोल्या, पुढचं दार उघडलं तर थेट परसातलं दिसावं अशी. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी बसलेलं आहे, कारण या हवेत संध्याकाळी घरात कुणालाच बसवत नाही. एक पोरगी लाल सरबत घातलेला बर्फाचा गोळा चोखत उभी आहे आणि सरबत कोपरापर्यंत ओघळलंय.

पाच-सहा चौक चाललात की रस्ता विचारायची गरज पडत नाही. मिरो स्ट्रीटचा कोपरा जवळ येतो तसा वास सुरू होतो. आधी तळणीचा, मग कांद्याचा, मग त्याच्या आडून काहीतरी खोल, तपकिरी, खमंग. तो वास तुमची मान आपोआप फिरवतो. समोर इमारत आहे, फार थाटाची नाही, आणि पाटी आहे: डूकी चेज.

दारात गर्दी आहे. शुक्रवार म्हणजे पगाराचा दिवस. तुम्ही ज्या दारातून शिरता ते बारचं आहे आणि आत पाय ठेवायला जागा नाही. गोदीवरून आलेले हमाल आहेत, त्यांच्या खांद्यांना अजून ज्यूटच्या पोत्यांचा वास आहे. गवंडी आणि गिलावा करणारे आहेत, बुटांवर चुन्याची भुकटी. पोस्टमन आहे, शाळामास्तर आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या घरी स्वयंपाक करून आलेल्या दोघी बायका आहेत. धूर, घाम, बिअर, केसांना लावलेलं पोमेड, सगळं एका छपराखाली. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कागदाचा एक चिठोरा.

तो पगाराचा चेक आहे. काळ्या माणसाला बँकेच्या खिडकीशी काय वागणूक मिळते ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि त्यांची स्वतःची बँक या वस्तीत नाही. मग चेक वटवायचा कुठे? डूकीकडे. बारच्या गल्ल्यामागून नोटा मोजल्या जातात. चेकवर सही होते, सहीकडे फारसं बघितलंही जात नाही, कारण बघायचा असतो तो माणूस, आणि माणूस ओळखीचा आहे. त्याच्या बापाला ओळखतात, त्याचं लग्न कुठल्या चर्चमध्ये झालं ते ठाऊक आहे. नोटा खिशात गेल्या की माणूस लगेच निघत नाही. थंडगार डिक्सी बिअरची बाटली उघडते, आणि ती रिकामी होईस्तोवर तो पो-बॉय सँडविच मागवतो.

तुम्हीही मागवा. कालवांचा. सप्टेंबर लागल्यामुळे कालवं पुन्हा बाजारात आलीत आणि गर्दी त्यांच्यावर तुटून पडलीय. फ्रेंच पाव लांबीत कापलेला, बाहेरचा पापुद्रा इतका पातळ आणि कुरकुरीत की चावताच शर्टभर चुरा होतो, आत मात्र कापसाचा मऊपणा. त्यात मक्याच्या पिठात घोळवून तळलेली कालवं, कढईतून काढलेली तशीच, वरून लेट्यूस, टोमॅटो, लोणच्यातल्या काकडीच्या चकत्या, मेयोनेझ. पहिल्या घासाला जीभ भाजते. कवच फुटतं आणि आतून समुद्राचं खारं, दुधाळ पाणी तोंडात येतं. रस हनुवटीवरून खाली. इथे सगळ्यांच्याच हनुवटीवरून ओघळतोय, लाजायचं कारण नाही.

हा पाव गरिबाघरचा आहे. १९२९ साली शहरातले ट्रामवाले संपावर गेले तेव्हा मार्टिन नावाच्या दोघा भावांनी संपकऱ्यांना असले सँडविच फुकट खाऊ घातले. दोघे पूर्वी स्वतः ट्रामवर कंडक्टर होते. तुम्ही आलात ती ट्राम हाकणाऱ्यांच्या पोटासाठी निघालेली ही सोय, आता साऱ्या शहराची झालीय. शेजारचा गवंडी दोन पो-बॉय कागदात गुंडाळून घेतोय, स्वतःचा तर त्याने केव्हाच संपवला. घरी उशिरा पोचणाऱ्या नवऱ्याने कालवं भरलेला पाव नेला की दारातलं भांडण मिटतं, ही या शहरातली जुनी रीत आहे. गवंडी घड्याळाकडे बघतो आणि तिसरा मागवतो. आज फारच उशीर झालाय.

डूकी आणि एमिली चेज या नवराबायकोने १९४१ मध्ये सुरू केलं तेव्हा हे एवढंच होतं: कोपऱ्यावरचं दुकान, सँडविच आणि लॉटरीची तिकिटं. आता मधलं दार ढकला आणि पलीकडे जा. पलीकडे दुसरी दुनिया आहे.

गलका एकदम खाली येतो. टेबलांवर पांढरेशुभ्र चादरे. काटे, चमचे, सुऱ्या ओळीने मांडलेल्या. काचेचे पेले. एक कुटुंब आलंय, बाप सुटात, आईच्या हातात मोजे, आठ-नऊ वर्षांचा मुलगा टाय सारखा करत खुर्चीच्या काठावर ताठ बसलाय. एका टेबलावर कॉलेजातलं जोडपं, मुलाने मेन्यू उलटा धरलाय आणि त्याच्या ते लक्षातही आलेलं नाही. कुणाची पदवी, कुणाचा वाढदिवस, कुणाची पहिली भेट, कुणाच्या मयतीनंतरचं जेवण, सगळं इथेच होतं. शहरातली नावाजलेली हॉटेलं चालत जाण्याएवढी जवळ आहेत, त्यांच्या मुदपाकखान्यात याच लोकांचे हात राबतात, पण तिथल्या खुर्चीवर त्यांना बसता येत नाही.

हे चादरे आले ते या घरच्या सुनेमुळे. लिआ चेज. सगळे त्यांना मिस लिआ म्हणतात. पाँचरट्रेन सरोवरापलीकडच्या मॅडिसनव्हिल गावात, स्ट्रॉबेरीच्या शेतात वाढलेली मुलगी. फ्रेंच क्वार्टरमधल्या एका रेस्तराँमध्ये वेट्रेस म्हणून लागली, रोजचा पगार एक डॉलर. त्याआधी तिने रेस्तराँ आतून पाहिलंच नव्हतं, कारण तिच्यासारख्यांना आत घेत नसत. तिथे तिने पाहिलं की माणूस टेबलाशी बसतो, समोर स्वच्छ चादरा असतो, कुणीतरी अदबीने विचारतं काय हवं ते. १९४६ मध्ये ट्रम्पेट वाजवणाऱ्या धाकट्या डूकीशी लग्न करून ती या घरात आली आणि तिने ठरवलं की आपल्या माणसांनाही हे सगळं मिळायला हवं.

सुरुवातीला तिने जरा जास्तच हौस केली. गोऱ्यांच्या हॉटेलात असतं ते लॉबस्टर थर्मिडॉर मेन्यूवर ठेवलं. गिऱ्हाइकांनी नाकं मुरडली. हे काय, मलईतली शेवंड? आमचा रोजचा रस्सा, गंबो कुठाय? मिस लिआंना कळायचं ते कळलं. चादरे राहिले, चांदीसारखे लखलखते काटेचमचे राहिले, पदार्थ मात्र घरचे परत आले. आज तुम्ही बसलाय त्या टेबलाची सगळी गंमत इथेच आहे. आई करायची तेच जेवण, पण वाढलं जातं ते बड्या पाहुण्याला वाढावं तसं.

वेट्रेस येते. पदराला हात पुसत नाही, तिच्या कमरेला इस्त्रीचा पांढरा एप्रन आहे.

“काय आणू, बेबी?”

दचकू नका. या गावात सगळेच बेबी. तुम्ही, तुमचे आजोबा, पाद्री, पोलिस, सगळे.

“कॅथलिक?” ती पुढे विचारते.

आज शुक्रवार. कॅथलिक मंडळी मांस खात नाहीत, मासळी चालते, आणि या वस्तीत कॅथलिक पुष्कळ. त्यांच्या टेबलांवर म्हणूनच भरलेली कोळंबी आहे, तळलेली मासळी आहे, कोळंबी घालून शिजवलेली भेंडी आहे. बॅप्टिस्ट मंडळींना असलं बंधन नाही, त्यांच्या ताटात तळलेली कोंबडी आहे. तुम्ही दोन्हींतले नाही असं सांगितलंत की ती खूश होते.

“मग तुमचं काम सोपं. गंबो. आणि आत डोकवायचं असेल तर दारात उभे राहा, वाटेत नाही.”

स्वयंपाकघराच्या दारात उभे राहा. उष्णतेची लाट तोंडावर येते आणि डोळ्यांत पाणी आणते. शेगड्यांवर कंबरेएवढी पातेली. एका बाजूला तळणीत कोंबडी पडते आहे, मैद्यात घोळवलेला प्रत्येक तुकडा तेलात सोडला की मोठ्ठा चर्र आवाज, मग बुडबुड्यांची एकसुरी कुजबुज. दुसऱ्या बाजूला एक बाई खेकडे मोडतायत. निळे खेकडे, नांग्या वेगळ्या, पेंदे दोन तुकड्यांत, कटकन, कटकन. कोळंबीच्या सालींचा ढीग, लसणीचा वास, थाइमचा वास. आणि मधल्या पातेल्याशी मिस लिआ. वय अडतीस. आवाज न चढवता अख्खं स्वयंपाकघर त्यांच्या नजरेवर चालतं.

गंबो कसा होतो तो बघा. आधी सॉसेज. क्रिओल खाटिकांनी लाल मिरची घालून भरलेलं शोरीस पातेल्यात पडतं, त्याची लाल चरबी सुटते, आणि तुम्हाला एकदम काहीतरी ओळखीचं वाटतं. वाटणारच. गोव्याच्या चोरिसाची ही लांबची बहीण, दोघींचं माहेर स्पेन-पोर्तुगालकडचं. मग तेलात मैदा. हा परतणं म्हणजे तपश्चर्या आहे. लाकडी उलथनं थांबलं की मैदा जळला, आणि जळला की सगळं फेकून पुन्हा पहिल्यापासून. पांढरा, मग बिस्किटी, मग बदामी, मग तपकिरी. इथे त्याला काळपट होऊ देत नाहीत. तपकिरी रंग धरला की कांदा, आणि कांदा पडताच जो वास उठतो ना, तोच तुम्हाला मघाशी चौकातून ओढून घेऊन आला. मग पाणी, खेकडे, कोंबडीचे पंख, वासराचं मटण, धुरावलेलं हॅम. सावकाश उकळी. शेवटी कोळंबी, पाठोपाठ कालवं त्यांच्या पाण्यासकट.

विस्तव बंद झाला की मिस लिआ एका डब्यातून हिरवट भुकटी काढतात. सासाफ्रास झाडाची वाळवून दळलेली पानं, फिले. ही शिकवण इथल्या मूळ चॉक्टॉ लोकांची. उकळत्या रश्श्यात टाकली तर तार सुटते, म्हणून आच बंद केल्यावरच. एका पातेल्यात किती माणसं आली बघा: आफ्रिकेतून बेड्या घालून आणलेल्यांचा हात, फ्रेंचांचा परतलेला मैदा, स्पेनचं सॉसेज, जंगलातलं पान, आणि मेक्सिकोच्या आखाताची मासळी.

टेबलाशी परत या, कारण वाडगा आला. खोलगट, काठोकाठ. मध्ये भाताचा छोटा ढीग, भोवती तपकिरी रस्सा, त्यातून खेकड्याची नांगी वर आलेली. टेबलावर तिखट सॉसची बाटली आहे. तुमचा हात सवयीने तिकडे जातो. वेट्रेस काही न बोलता बाटली उचलते आणि शेजारच्या टेबलावर ठेवते. का, ते तुम्हाला नंतर कळेल.

चमचा तोंडात घाला. आधी धूर लागतो, हॅमचा. मग समुद्र. मग शोरीसचा तिखटपणा घशाच्या मागच्या बाजूला हळूच पेटतो. फिलेची मातकट, किंचित सुवासिक चव सगळ्यात शेवटी येते आणि रस्सा जिभेला मखमली लागतो. कपाळावर घाम. आता तो दुसरा रुमाल काढा. खेकडा चमच्याने जमणार नाही, हातात घ्या, दाताने फोडा, चोखा. समोर पांढरा चादरा आहे म्हणून संकोचू नका. मोजे घातलेल्या त्या बाईंनी मोजे कधीच काढून पर्समध्ये ठेवलेत आणि त्यांच्या ताटात टरफलांचा डोंगर झालाय. टाय घातलेला मुलगा आईकडे बघून हळूच बोटं चाटतो. आई बघून न बघितल्यासारखं करते.

“सोमवारी येऊन बघा,” शेजारच्या टेबलावरचे मास्तर तुम्हाला सांगतात. सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. बायका सकाळी रविवारच्या हॅमचं हाडूक आणि राजमा पातेल्यात टाकून मोकळ्या होत, कपडे वाळेपर्यंत तो मंद आचेवर शिजे. घरात कपडे धुवायची यंत्रं येऊ लागली तरी शहर अजून सोमवारी राजमा-भातच खातं. मास्तर हे सांगताना चमचा खाली ठेवत नाहीत.

एवढ्यात दारापाशी हालचाल होते. रात्रीच्या कार्यक्रमाआधी एखादा वादकांचा ताफा जेवायला आलाय. नॅट किंग कोल, ड्यूक एलिंग्टन, लीना हॉर्न, सारा व्हॉन, शहरात आले की सगळे इथे जेवतात. ज्या हॉटेलच्या रंगमंचावर त्यांच्यासाठी टाळ्या वाजतात, त्याच हॉटेलात त्यांना कुणी जेवू घालत नाही. रे चार्ल्सने तर आपल्या एका गाण्यात या जागेचं नाव घेतलंय. मंडळी त्यांच्याकडे बघतात, ओळखतात, हलकेच मान झुकवतात आणि आपल्या ताटाकडे वळतात. जेवणाऱ्या माणसाला त्रास द्यायचा नाही, हा इथला शिष्टाचार.

आता त्या ट्रेकडे बघा. सात-आठ वाडगे, तळलेल्या कोंबडीची परात, पावाची टोपली. ट्रे जेवणघरात न येता जिन्याने वर चाललाय. जा मागोमाग. पायऱ्या कुरकुरतात. वेट्रेस कोपराने दार ढकलते.

वरच्या खोलीत हवा कोंडलेली आहे. टेबलाभोवती वीस-बावीस वर्षांची पोरं-पोरी बसलीत, काळी आणि गोरी, खांद्याला खांदा लावून. काळ्या-गोऱ्यांनी असं एका टेबलावर जेवणं इथे कायद्याने बंद आहे. कोण उद्या कुठल्या गावी जाणार, तुरुंगात गेलं तर घरी कुणी कळवायचं, जामिनाचे पैसे कुणाकडे, असलं बोलणं चाललंय. एका मुलाच्या भुवईवर ताजी खपली आहे. बोलणं पुढे जातं ते वाडगे समोर येईपर्यंतच. मग काही वेळ फक्त चमचे वाजतात. भुवईवर खपली असलेला मुलगा दुसरा वाडगा मागतो, आणि तो येतो, आधीच्याहून जास्त भरलेला. वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या या पोरांना मोर्च्याला निघण्याआधी आणि तुरुंगातून सुटून आल्यावर मिस लिआ जेवू घालतात. पोलिसांना ठाऊक नाही असं नाही. पण साऱ्या वस्तीच्या जिव्हाळ्याच्या या घरावर धाड घातली तर काय उसळेल, तेही त्यांना ठाऊक आहे.

खाली या. शेवटचं गोड राहिलंय. पीचचा कॉब्लर, वाफाळता, पाकात बुडालेली फळं आणि वर सोनेरी कवच. सोबत चिकोरी घातलेली काळी कॉफी, कडवट. पोट भरलं तरी थांबू नका. बाहेर अंधार पडलाय, उकाडा तसाच आहे, बारमधला गलका वाढलाय. तो गवंडी आत्ता कुठे दारातून बाहेर पडतोय, काखेत तीन पुडकी. त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि आपल्या काळात परत या.

परत येताना वाटेत काय काय झालं ते ऐका. क्लेबॉर्नवरचे ओक १९६६ मध्ये तोडले गेले. लाफिट वसाहतही आता उभी नाही. २००५ मध्ये कॅटरिना वादळात बांध फुटले, शहर बुडालं, डूकी चेजमध्ये पाणी शिरलं. ऐंशीच्या पुढच्या लिआ आणि त्यांचे पती डूकी रस्त्यापलीकडे सरकारी ट्रेलरमध्ये राहिले, गावोगावच्या आचाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी पैसे उभे केले, आणि २००७ मध्ये पातेलं पुन्हा चुलीवर चढलं. भिंतींवर आता आफ्रिकन-अमेरिकन चित्रकारांची चित्रं आहेत, मिस लिआंनी एकेक करून जमवलेली. डिस्नेच्या २००९ सालच्या चित्रपटातली टियाना ही राजकन्या ज्यांच्यावरून घडली, त्या याच. नव्वदी ओलांडल्यावरही त्या स्वयंपाकघरात उभ्या राहत. १ जून २०१९ रोजी वयाच्या ९६ व्या वर्षी त्या गेल्या. मिरो स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्यांच्या घरची पुढची पिढी आजही गंबो करते.

मला विचाराल तर या जागेची थोरवी त्या चादऱ्यात आहे. बाहेर सगळं शहर तुम्हाला मागच्या दाराने या म्हणत असताना कुणीतरी टेबलावर स्वच्छ कापड अंथरतं, वाडगा काठोकाठ भरतं आणि विचारतं, काय आणू, बेबी? पोट तर घरीही भरतं. असा मान मात्र रोजच्या जेवणात, आठवड्याच्या पगारात, आपल्याच गल्लीच्या कोपऱ्यावर मिळावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या पोरांच्या अंगात दुसऱ्या दिवशी जे बळ आलं, त्यात या वाडग्याचाही वाटा आहे.

तिकडे कधी खरोखरच जाणं झालं तर जरूर जेवा. आणि ती तिखट सॉसची बाटली लक्षात ठेवा. बराक ओबामा इथे जेवायला आले, गंबो समोर आला आणि चव न घेताच त्यांनी वर तिखट सॉस ओतला. मिस लिआंनी त्यांना तिथल्या तिथे खडसावलं. एवढ्या मोठ्या माणसाची तिथे गय झाली नाही, तुमचीही होणार नाही. आधी चमचाभर चाखा, मग मागायचं ते मागा.